डेपेश मोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावरचं गाणं म्हणजे बटण दाबलं की झालं, असा समज अजून बराच आहे. डेपेश मोडच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. या बँडच्या चाळीसहून जास्त वर्षांत जे काही घडलं ते माणसांमुळे घडलं: कोण आलं, कोण सोडून गेलं, कुणी कुणाचं ऐकलं आणि कुणाच्या मेहनतीची दखल घ्यायची राहून गेली. हा बँड नव्याने ऐकू लागलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे त्याच अंगाने दिली आहेत.

डेपेश मोड कुठला बँड? सुरुवातीला कोण कोण होतं?

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या बॅसिल्डन गावचा. बँड 1980 साली उभा राहिला. मूळ चौघे म्हणजे व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गॅहन. चौघेही तेव्हा विशीच्या आसपासचे. गोर बँकेत नोकरीला होता, फ्लेचर विमा कंपनीत. क्लार्कचं खरं आडनाव मार्टिन. तो बेकार भत्त्यावर होता आणि खरं नाव पेपरात छापून आलं तर भत्ता बंद होईल, म्हणून त्याने 'क्लार्क' हे नाव घेतलं आणि ते कायमचं चिकटलं.

बॅसिल्डनसारख्या आडगावातून असा बँड कसा काय निघाला?

बॅसिल्डन आडगाव नव्हतं, पण लंडनही नव्हतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व लंडनवर बॉम्ब पडले, घरांची टंचाई झाली. त्या लोकांची सोय करायला सरकारने 1949 मध्ये बॅसिल्डनला 'नवं शहर' म्हणून जाहीर केलं. आखीव वसाहती, कारखाने, मधोमध बाजारपेठ. कामधंदा होता, पण तरुण पोरांना संध्याकाळी करायला फारसं काही नव्हतं. क्लार्क आणि फ्लेचर यांची ओळख चर्चशी जोडलेल्या बॉईज ब्रिगेडमध्ये झाली. फ्लेचर आणि गोर एका शाळेतले. सगळ्यांची घरं कष्टकरी वर्गातली.

त्याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे जपानी कंपन्यांचे छोटे सिंथेसायझर पगारदार पोराच्या खिशाला परवडू लागले. दुसरी म्हणजे 1979 मध्ये गॅरी न्यूमनचं सिंथेसायझरवरचं गाणं ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि क्राफ्टवेर्क या जर्मन बँडने दाखवलेली वाट सामान्य पोरांनाही आपली वाटू लागली. शेफील्डला ह्यूमन लीग, लिव्हरपूलच्या बाजूला ओएमडी, आणि बॅसिल्डनला हे चौघे.

यात एक व्यावहारिक बाजूही होती. गिटार-ड्रमच्या बँडला व्हॅन लागते, अँप्लिफायर लागतात. या पोरांनी सिंथेसायझर काखेत मारले, लोकलमध्ये बसले आणि लंडनला जाऊन हॉलच्याच स्पीकरला वायरी जोडल्या. ढोलताशाचं काम टेपवर.

डेव्ह गॅहन नंतर आला का? आणि हे नाव कुठून आलं?

हो. आधी क्लार्क, गोर आणि फ्लेचर या तिघांचा 'कॉम्पोझिशन ऑफ साउंड' नावाचा बँड होता आणि गायचं काम क्लार्ककडे होतं. त्याला स्वतःला गायला आवडत नसे. एका तालमीच्या जागी गॅहन डेव्हिड बोवीचं 'हीरोज' गाताना क्लार्कच्या कानावर पडला आणि त्याने त्याला बोलावून घेतलं. गॅहन तेव्हा फॅशनचं शिक्षण घेत होता. नवं नाव त्यानेच सुचवलं. ते एका फ्रेंच फॅशन मासिकाचं नाव होतं.

डॅनिअल मिलरशी लेखी करार नव्हता, ही दंतकथा आहे की खरं?

खरं आहे, आणि या बँडच्या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

मिलर स्वतः संगीतकार. 1978 मध्ये 'द नॉर्मल' या नावाने त्याने एक सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली सुटी तबकडी) काढली आणि ती विकायला म्यूट रेकॉर्ड्स ही छोटीशी कंपनी सुरू केली. 1980 च्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनच्या 'ब्रिज हाउस' या पबमध्ये त्याच्या कंपनीचा फॅड गॅजेट हा कलाकार वाजवणार होता. त्याच्या आधी डेपेश मोडची पाळी होती. ही पोरं बिअरच्या क्रेटवर सिंथेसायझर ठेवून वाजवत होती आणि गाणी मात्र पक्की बांधलेली होती. मिलर थक्क झाला. मोठ्या कंपन्याही मागे लागल्या होत्या, आगाऊ रकमांचे आकडे फेकत होत्या. मिलरने फक्त हात पुढे केला: एक सिंगल करून बघू, नफा झाला तर अर्धा तुमचा, अर्धा माझा.

या तोंडी बोलीवर पुढे कित्येक वर्षं काम चाललं. याचा परिणाम गाण्यांवर झाला. मोठ्या कंपनीत दोन सिंगल पडल्या की बँडला नारळ मिळतो. इथे पडायची, सुधारायची, वेडेवाकडे प्रयोग करायची मुभा होती. मिलर स्टुडिओतही त्यांच्यासोबत बसायचा आणि पहिल्या अल्बमचा सहनिर्माता तोच होता. 1980 च्या दशकातल्या त्यांच्या अल्बमांमध्ये दरवर्षी जी वाढ दिसते, ती या विश्वासाशिवाय शक्य झाली नसती असं माझं ठाम मत आहे.

पहिला अल्बम एवढा हलकाफुलका का वाटतो?

कारण 'स्पीक अँड स्पेल' हा 1981 चा अल्बम जवळजवळ सगळा क्लार्कचा आहे. गोरच्या त्यात दोनच रचना आहेत. क्लार्कला छोट्या, उड्या मारणाऱ्या चाली सुचायच्या. 'ड्रीमिंग ऑफ मी' ही पहिली सिंगल ब्रिटनमध्ये 57 व्या क्रमांकापर्यंत गेली, 'न्यू लाइफ' 11 व्या आणि 'जस्ट कान्ट गेट इनफ' थेट 8 व्या.

त्या आवाजामागे यंत्राची एक मर्यादाही आहे. तेव्हाच्या स्वस्त सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर वाजायचा. पियानोसारखे तीन-चार सूर एकत्र दाबून सूरसमूह काढायची सोय नाही. मग करायचं काय? एक यंत्र खालचा ठेका धरणार, दुसरं मधली ओळ वाजवणार, तिसरं वर चाल गाणार, आणि या ओळी एकमेकींत गुंफल्या की गाणं तयार. 'न्यू लाइफ' पुन्हा ऐका, म्हणजे हे धागे वेगवेगळे ऐकू येतील. ड्रमचे आवाजसुद्धा मिलरच्या एआरपी 2600 या सिंथेसायझरवर घडवलेले होते.

'जस्ट कान्ट गेट इनफ' पुढे फुटबॉलच्या मैदानावर पोचलं. सेल्टिक आणि लिव्हरपूल या क्लबांच्या चाहत्यांनी 2011 च्या सुमारास त्याची चाल घोषणेसारखी म्हणायला सुरुवात केली.

व्हिन्स क्लार्क यश मिळाल्याबरोबर का निघून गेला?

त्याला गाणी करायची होती. मुलाखती, फोटो, दौरे, टीव्हीवर तोंड दाखवणं हे सगळं त्याला नकोसं झालं. 1981 च्या अखेरीस, पहिला अल्बम बाजारात येऊन काही आठवडेच झाले असताना, त्याने बँड सोडला.

त्याचं पुढे उत्तमच झालं. बॅसिल्डनच्याच ॲलिसन मॉयेटबरोबर त्याने याझू हा बँड काढला. तिचा भरदार, ब्लूजच्या वळणाचा गळा आणि खाली थंड यंत्रं, हा मेळ अजोड होता. त्यांचं 'ओन्ली यू' 1982 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. 1985 मध्ये त्याने अँडी बेलबरोबर इरेझर हा बँड सुरू केला आणि तो संसार अजून चालू आहे. जुनं वैर वगैरे काही राहिलं नाही. 2012 मध्ये क्लार्क आणि गोर यांनी मिळून व्हीसीएमजी नावाने शब्दांविना टेक्नोचा एक अल्बमही केला.

मुख्य गीतकारच गेल्यावर बँड टिकला कसा?

वर्तमानपत्रांनी तर निकाल लावूनच टाकला होता. पण गोरकडे किशोरवयात लिहिलेली काही गाणी पडून होती. त्यातलं 'सी यू' 1982 च्या सुरुवातीला आलं आणि सहाव्या क्रमांकावर गेलं, म्हणजे क्लार्कच्या कुठल्याही डेपेश मोड सिंगलपेक्षा वर. 'अ ब्रोकन फ्रेम' हा दुसरा अल्बम तिघांनी मिलरच्या मदतीने पुरा केला. अल्बम म्हणून तो कच्चा आहे. काही गाणी क्लार्कची नक्कल करतात, काही भलतीकडे जातात. पण 'लीव्ह इन सायलेन्स' मध्ये पुढच्या गोरची चाहूल लागते: अपराधभाव, ओढ, देव आणि देह यांच्यातली ओढाताण.

ॲलन वाइल्डरचं एवढं कौतुक का करतात?

तो आला नसता तर हा बँड 1984 च्या पुढे गेला असता का, याची मला शंका आहे.

'मेलडी मेकर' या साप्ताहिकात बँडने नाव न देता जाहिरात दिली होती. उमेदवार एकवीसच्या आतला हवा, अशी अट होती. वाइल्डर बावीसचा होता. त्याने वय कमी सांगितलं आणि निवडला गेला. शास्त्रीय पियानो शिकलेला, हात तयार. तरी सुरुवातीला त्याला फक्त दौऱ्यावर वाजवायला ठेवलं, दुसऱ्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात घेतलं नाही. 1982 च्या अखेरीस तो पुरा सदस्य झाला.

मग कामं वाटली गेली. गोर घरी गाण्याचा कच्चा आराखडा करून आणायचा. गॅहन ते गायचा. आणि मधलं सगळं, म्हणजे कुठला आवाज कुठे येणार, ठेका कसा चालणार, गाणं कुठे मोकळं सोडायचं, हे वाइल्डर निर्मात्यांबरोबर दिवसचे दिवस बसून ठरवायचा.

1983 च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' पासून त्यांच्या हाती सॅम्पलर आला. कुठलाही आवाज नोंदवायचा आणि तो वेगवेगळ्या सुरांत कीबोर्डवर वाजवायचा, असं हे यंत्र. पूर्व लंडनच्या शोरडिच भागात स्टुडिओ होता. टेपरेकॉर्डर घेऊन मंडळी आसपासच्या पडक्या जागा आणि बांधकामं धुंडाळायला निघाली. पत्रे, पाइप, लोखंडी दांडे, जे दिसेल ते बडवून आवाज गोळा केले. 'पाइपलाइन' हे गाणं अशाच आवाजांवर उभं आहे. मग मिक्सिंगसाठी ते बर्लिनच्या भिंतीलगतच्या हान्सा स्टुडिओत गेले आणि पुढच्या दोन अल्बमांतही तिथल्या मोठ्या हॉलची घुमणी ऐकू येते.

यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण 1986 च्या 'ब्लॅक सेलिब्रेशन' मधल्या 'स्ट्रिप्ड' चं. सुरुवातीला जो दमदार, धापा टाकल्यासारखा ठेका येतो, ती उभ्या मोटरसायकलच्या इंजिनाची घरघर आहे, वेग कमी करून खोल सुरात उतरवलेली. त्यात गॅहनच्या पोर्शे गाडीची स्टार्टरची चावी फिरवल्याचा आवाज आहे, शेवटाकडे शोभेच्या दारूचे आवाज आहेत. गाणं आहे शहराचा धूर सोडून मोकळ्या रानात जाण्याविषयी. म्हणजे ज्यापासून पळायचं, त्याच्याच इंजिनावर गाणं चालतं. हे कुणी बटण दाबून झालेलं नाही.

इंग्लंडमध्ये त्यांची टर उडवायचे, पण जर्मनी आणि अमेरिकेत मैदानं भरायची. असं का?

इंग्लंडच्या संगीत पत्रकारांच्या डोक्यात 1981 चा फोटो बसला होता: गोंडस चेहरे, मुलींच्या मासिकांची मुखपृष्ठं, टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'. पहिली छाप पुसायला फार वेळ लागतो. जर्मनीत आणि अमेरिकेत ती छापच नव्हती. तिथल्या बहुतेक श्रोत्यांनी त्यांना 'पीपल आर पीपल' पासून ओळखलं. लोखंडावर घण पडावेत तसा ठेका असलेलं ते गाणं ब्रिटनमध्ये चौथं, पश्चिम जर्मनीत पहिलं आणि अमेरिकेत तेरावं आलं. गोर स्वतःही काही काळ बर्लिनला राहिला.

पूर्व जर्मनीत तर त्यांचे चाहते कडवे होते. 7 मार्च 1988 ला सरकारी युवा संघटनेने पूर्व बर्लिनमध्ये त्यांचा कार्यक्रम ठेवला. तिकिटं संघटनेमार्फत वाटली गेली आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी ती मिळवायला जिवाचं रान केलं. भिंत पडायला तेव्हा दीडेक वर्ष होतं.

अमेरिकेत लॉस एंजलिसच्या केआरओक्यू या रेडिओ केंद्राने त्यांना लावून धरलं. 18 जून 1988 ला पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर 'म्यूझिक फॉर द मासेस' या अल्बमच्या दौऱ्याचा शेवटचा, 101 वा कार्यक्रम झाला. श्रोते 60,000 हून जास्त. गिटारचा मोठा ताफा नाही, ड्रमर नाही, मुख्यतः कीबोर्ड आणि पुढे एक गायक. एवढं मोठं मैदान भरेल का याची त्यांनाच धाकधूक होती. डी. ए. पेनीबेकर यांनी त्या दौऱ्यावर '101' हा माहितीपट केला. त्यात बँडइतकंच महत्त्व बसमधून देश ओलांडत आलेल्या तरुण चाहत्यांच्या एका गटाला आहे. पेनीबेकर हे बॉब डिलनवरच्या माहितीपटामुळे नावाजलेले, आणि त्यांनी या मंडळींना इतकं गंभीरपणे घेतलं ही गोष्ट छोटी नाही.

'एन्जॉय द सायलेन्स' आधी संथ गाणं होतं, हे खरं का?

खरं. गोरने आणलेलं गाणं जवळजवळ शोकगीत होतं: नुसता त्याचा गळा आणि मागे हार्मोनियमचे लांबवलेले सूर. आपल्या कानाला हे विशेष ओळखीचं वाटेल, कारण पेटीचा भरणा आणि त्यावर मोकळा गळा हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. या रूपातलं गाणं सिंगलसोबत 'हार्मोनियम' याच नावाने प्रसिद्धही झालं, जरूर शोधा.

वाइल्डरला त्यात दुसरंच काही दिसलं. याचा वेग वाढवला तर हे मोठं गाणं होईल, असं त्याने सुचवलं. गोर नाराज झाला. त्याचं म्हणणं असं की शांततेविषयीच्या गाण्याला नाचाचा ठेका कसा लावायचा? मुद्दा बिनतोड होता. तरी त्याने करून बघायला होकार दिला. वाइल्डर आणि निर्माता फ्लड यांनी इतरांना लांब ठेवून ठेका आणि पाया तयार केला. मग गोरला बोलावून गिटारवर काही वाजवायला सांगितलं आणि त्याने ती प्रसिद्ध छोटी धून वाजवली. गॅहनने गाऊन टाकलं. डेन्मार्कमधल्या पुक स्टुडिओत हे सगळं फार झटपट झालं. ज्यांच्या गाण्यांना आठवडे लागायचे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं असं झालं.

आता दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. जलद रूपातही दुःख शाबूत आहे. ठेका पुढे ढकलतो, गळा मागे रेंगाळतो, आणि शब्द म्हणतात की बोलण्याने इजाच होते. गोरचा आक्षेप चुकीचा नव्हता. उलट त्या विरोधामुळेच गाणं टिकलं.

व्हिडिओ डच छायाचित्रकार आंटोन कोर्बेन याचा. डोक्यावर मुकुट, अंगावर राजाचा झगा, काखेत घडीची खुर्ची, असा गॅहन डोंगरदऱ्यांतून बसायला शांत जागा शोधत फिरतो. गाणं ब्रिटनमध्ये सहाव्या, अमेरिकेत आठव्या क्रमांकावर गेलं आणि 1991 मध्ये त्याला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा ब्रिट पुरस्कार मिळाला.

'पर्सनल जीझस' धार्मिक गाणं आहे का?

नाही. प्रिसिला प्रेस्ली यांचं रॉक अँड रोल गायक एल्विसबरोबरच्या आयुष्याविषयीचं पुस्तक वाचून गोरला ते सुचलं. माणूस आपल्या माणसालाच देव करून टाकतो, त्याविषयी आहे. 1989 मध्ये इंग्लंडच्या स्थानिक वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातींच्या रकान्यात फक्त ते शब्द आणि एक फोन नंबर छापला होता. फोन लावला की गाणं ऐकू यायचं. सिंथेसायझरवाल्या बँडचं हे गाणं गिटारवर चालतं, हेही तेव्हा धक्कादायक होतं. धप धप असा जो ठेका आहे तो सामानाच्या पेट्यांवर पाय आपटून केलेला आहे. 2002 मध्ये अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशने ते साध्या गिटारवर गायलं आणि गाण्याची मूळ हाडं किती भक्कम आहेत ते सगळ्यांना कळलं.

ज्या 'वायोलेटर' अल्बमवर ही दोन्ही गाणी आहेत, तो मार्च 1990 मध्ये आला. लॉस एंजलिसच्या एका दुकानात बँड सह्या द्यायला बसला तेव्हा हजारोंची गर्दी झाली आणि पोलिसांना कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला.

अँडी फ्लेचर नक्की करायचा काय?

हा प्रश्न नेहमी जरा खवचटपणे विचारला जातो. '101' मध्ये त्याने स्वतःच हसत सांगितलं होतं की मार्टिन गाणी लिहितो, ॲलन चांगला वादक आहे, डेव्ह गातो आणि मी इकडे तिकडे करतो. लोकांनी ते शब्दशः घेतलं.

बँडला बराच काळ रूढ अर्थाने मॅनेजर नव्हता. हिशेब, करार, दौऱ्यांची आखणी, कंपन्यांशी बोलणी हे सगळं फ्लेचरच बघायचा. गोर अबोल, गॅहन तापट. दोघांचं थेट बोलणं वर्षानुवर्षं जेमतेम होतं. मधला दुवा फ्लेचर. गोरची नवी गाणी ऐकून खरं मत देणारा शाळेपासूनचा दोस्तही तोच. घरात असं एक माणूस असतं, ज्याच्या नावावर काहीच नसतं आणि ज्याच्यावाचून सण होत नाही.

नव्वदच्या दशकात सगळं कोलमडलं ते कशामुळे?

यशाच्या शिखरावर असतानाच. 1993 चा 'साँग्स ऑफ फेथ अँड डिव्होशन' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. पण तो करतानाच माद्रिदच्या भाड्याच्या बंगल्यात चौघांची तोंडं चार दिशांना होती. गॅहन लॉस एंजलिसला राहून हेरॉइनच्या आहारी गेला होता. गोर दारूत बुडालेला, फ्लेचरला नैराश्याने घेरलेलं. त्यात दौरा वर्षाहून जास्त लांबला. 1994 मध्ये फ्लेचरला तो मध्येच सोडावा लागला.

1 जून 1995 ला वाइल्डर बाहेर पडला. कामाचा बोजा सारखा वाटला जात नाही आणि केलेल्या कामाची कदर होत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. मला त्याचं पटतं.

28 मे 1996 ला गॅहनच्या शरीरात अमली पदार्थांची मात्रा जास्त झाली आणि त्याचं हृदय दोन मिनिटं बंद पडलं. वैद्यकीय पथकाने त्याला परत आणलं. पुढे उपचार घेऊन तो व्यसनातून सुटला. 1997 चा 'अल्ट्रा' अल्बम त्याच काळातला आहे. गॅहनचा गळा तेव्हा साथ देत नव्हता, त्याला शिक्षक लावून गाणं पुन्हा बसवावं लागलं. 'इट्स नो गुड' ऐकताना हे ध्यानात ठेवा. त्याच अल्बममधलं 'होम' मात्र गोरने गायलं आहे.

गॅहन गाणी लिहायला कधी लागला?

2003 मध्ये त्याने स्वतःचा अल्बम काढला आणि मग बँडमध्येही जागा मागितली. वीस-बावीस वर्षं दुसऱ्याचे शब्द गाणाऱ्या माणसाची ही मागणी रास्त होती, पण गोरला पचायला वेळ लागला. 2005 च्या 'प्लेइंग द एंजल' मध्ये गॅहनची तीन गाणी आहेत आणि त्यातलं 'सफर वेल' सिंगल म्हणूनही आलं. त्यानंतर प्रत्येक अल्बममध्ये त्याचा वाटा आहे.

कार्यक्रमात खरंच वाजवतात की टेप लावतात?

दोन्ही. सुरुवातीला तर टेपरेकॉर्डर सगळ्यांना दिसेल असा मंचावर ठेवलेला असायचा, लपवाछपवी नव्हती. वाइल्डर 1993 च्या दौऱ्यात काही गाण्यांना खरे ड्रम वाजवू लागला. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून ड्रमवर क्रिस्तियान आयग्नर आणि कीबोर्डवर पीटर गॉर्डेनो साथीला असतात. खऱ्या ड्रममुळे जुनी गाणी जड होतात अशी तक्रार काही चाहते करतात. 'जस्ट कान्ट गेट इनफ' बाबत ती मलाही मान्य आहे.

वाइल्डर परत आला का?

बँडमध्ये नाही. मात्र 17 फेब्रुवारी 2010 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्करोगग्रस्त तरुणांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात तो मंचावर आला आणि 'समबडी' या गाण्याला पियानोची साथ करून गेला. 2020 मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं तेव्हा सन्मान पाचही जणांचा होता, क्लार्क आणि वाइल्डर धरून.

फ्लेचर गेल्यावर आता बँडचं काय?

फ्लेचर 26 मे 2022 ला वयाच्या साठाव्या वर्षी अचानक गेला. हृदयापासून निघणारी महाधमनी फाटली. नव्या अल्बमची गाणी तोवर लिहून झाली होती आणि 'मेमेंटो मोरी' हे मृत्यूची आठवण करून देणारं नावही आधीच ठरलं होतं. काम थांबवावं का, हा प्रश्न गोर आणि गॅहनसमोर होता. दोघांनी काही आठवड्यांतच गोरच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू केलं. मधला माणूस नाही म्हटल्यावर दोघांना आता एकमेकांशी थेट बोलावंच लागलं आणि त्यातून मैत्री घट्ट झाल्याचं दोघांनीही मुलाखतींत सांगितलं आहे.

अल्बम मार्च 2023 मध्ये आला. त्यातलं 'घोस्ट्स अगेन' गोरने सायकेडेलिक फर्स या बँडच्या रिचर्ड बटलरबरोबर लिहिलंय. त्यानंतरचा दौरा एप्रिल 2024 पर्यंत चालला. प्रत्येक कार्यक्रमात फ्लेचरचं आवडतं 'वर्ल्ड इन माय आइज' त्याच्या नावे गायलं जायचं आणि पडद्यावर त्याचा चेहरा असायचा.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

'वायोलेटर' पासून. नऊ गाणी, 47 मिनिटं, एकही भरताड नाही. त्यानंतर मागे जाऊन 'ब्लॅक सेलिब्रेशन' घ्या, हेडफोन लावून. मग 'म्यूझिक फॉर द मासेस' आणि लगेच '101', म्हणजे तीच गाणी मैदानात काय होतात ते कळेल. तिथून पुढे 'साँग्स ऑफ फेथ अँड डिव्होशन' आणि 'अल्ट्रा' एकापाठोपाठ. 'प्लेइंग द एंजल' आणि 'मेमेंटो मोरी' हे 2000 नंतरचे दोन सगळ्यात भक्कम अल्बम. 'स्पीक अँड स्पेल' मध्येच कधीतरी, हलक्या दिवशी. 'एक्सायटर' आणि 'साउंड्स ऑफ द युनिव्हर्स' शेवटी ठेवा, पण त्यातली 'ड्रीम ऑन' आणि 'राँग' ही दोन गाणी तेवढी आधी ऐकून घ्या.